घरी जायचं मला होतं, गेल्या ताडपत्र्या

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ कोकणात आलं तो दिवस. सकाळी सव्वाअकराला बाबांचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते, समोर पेन्शनवाल्यांची रांग. बाबा म्हणाले, "वारा उचललाय. पोफळी जमिनीपर्यंत वाकून परत उभ्या राहतायत. आईला ओटीवरून आत घेतलीय. ठेवतो." त्यानंतर त्यांचा आवाज ऐकला तो थेट ८ जूनला.

त्या दिवसांत एक वही केली होती. कोणाला फोन केला, कोण काय म्हणालं, किती रुपये, सगळं त्यात आहे. अलीकडे दोघातिघांनी विचारलं की असं सामान पाठवायचं तर सुरुवात कुठून करायची, म्हणून ती वही काढून लिहायला बसलेय. मी कुठल्या संस्थेत नाही, याआधी असलं काही केलेलं नव्हतं, आणि यातलं निम्मं चुकत चुकत झालं.

माझं गाव श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनच्या पुढे. नारळ-सुपारीची वाडी, कौलारू घर, मागच्या दारातून समुद्राची गाज. बँकेत बढती मिळाली आणि १३ जानेवारीला सोलापूरला रुजू झाले. गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा होता. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच्या उंच नंदीध्वज पेलत चालली होती, आणि मी बॅग घेऊन गर्दीत अडकलेली. शहर आवडलं की नाही हे कळायच्या आत मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मग मला माहीत असलेलं सोलापूर म्हणजे पूर्व भागातली वरच्या मजल्यावरची खोली, बँक आणि मधला दीड किलोमीटर. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका. खाली घरमालक, मामा आणि अक्का. मामांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ यंत्रमाग, मार्चपासून बंद. आपसात ते तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी, आणि रागावले की पुन्हा तेलुगू.

वादळाच्या दिवशी टीव्हीवर दिवसभर एकच पट्टी: मुंबई थोडक्यात बचावली. मुंबई बचावली म्हणजे वादळ दुसरीकडे कुठेतरी गेलं असणार ना? अलिबागच्या दक्षिणेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते जमिनीवर आलं, ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने, मधले झोत १२० चे. हे आकडे मला पाठ झाले कारण दुसरं काही कळतच नव्हतं. टॉवर पडलेले, वीज गेलेली. बाबांचा नंबर, काकांचा, किराणावाल्याचा, शाळेच्या गुरुजींचा; सगळीकडे तीच बाई इंग्रजीत आणि मराठीत सांगायची की संपर्कक्षेत्राबाहेर आहे. शेवटी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या माणसाने गावाचं नाव लिहून घेतलं आणि थोड्या वेळाने सांगितलं, जीवितहानीच्या यादीत तुमचं गाव नाही. त्या एका वाक्यावर मी दोन दिवस काढले. कोणावर अशी वेळ आली तर घरच्यांचा नंबर शंभरदा लावत बसू नका, आधी नियंत्रण कक्षाला विचारा.

शुक्रवारी, ५ तारखेला वटपौर्णिमा होती. बाहेर वडाला जायची सोय नाही म्हणून गल्लीतल्या बायकांनी कुठून तरी फांदी आणून एका अंगणात पूजली. मी गच्चीवरून बघत होते. अक्का जिना चढून आल्या. "काय करायलीस गं वर एकटी? दोन दिवस झालं तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू आली न्हाई." मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, खाली जाऊन ताट घेऊन आल्या आणि मी जेवेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या.

घरी जायचं सोडून बाकी काहीही करायची माझी तयारी होती, कारण घरी जाणंच शक्य नव्हतं. पुढचं सगळं त्यातून सुरू झालं. दानधर्म वगैरे शब्द डोक्यातही नव्हते. हाताला काम हवं होतं.

६ तारखेच्या रात्री मी पहिली चूक केली. ओळखीच्या सगळ्यांना एक मेसेज टाकला: कोकणात वादळाने नुकसान झालंय, शक्य ती मदत करा. "शक्य ती मदत" म्हटलं की लोक कपाट उघडतात. तीन दिवसांत नऊ पोती कपडे आले. त्यात चांगलंही होतं, पण एक शेरवानी होती, कोणाच्या तरी मुंजीतलं सोवळं होतं, आणि एका पिशवीत फक्त ब्लाउज, साडी एकही नाही. अक्कांच्या पडवीत ती पोती रचली आणि दोन संध्याकाळी आम्ही दोघी मास्क लावून निवडत बसलो. त्यातलं गावाला पाठवण्यासारखं दीड पोतं निघालं. सुती जुनेर गल्लीतल्या वाकळा शिवणाऱ्या बाईंना दिलं, बाकीचं पुढे महिनाभर वाटत होते. देणाऱ्यांचा दोष नाही. मी मागितलंच तसं होतं.

८ तारखेला सोमवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. बाबा. कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून म्हसळ्याच्या बाजूला रेंज मिळते तिथपर्यंत आले होते आणि दुसऱ्याचा फोन घेऊन बोलत होते. दोघं ठीक. पश्चिमेकडचं छप्पर गेलं, वासे मोडले, कौलं अंगणात. वाडीत ३४० पोफळी होत्या, उभ्या राहिल्या ३१. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही, आणि मला तेच सोसलं नाही. सुपारीचं रोप लावल्यापासून हाताला पीक यायला सहा-सात वर्षं तरी जातात. बाबा तेव्हा ६६ वर्षांचे.

मी विचारलं, काय पाठवू? ते म्हणाले, "पैसे नको, इथे घेऊ काय? दुकानात ताडपत्री नाही, असली तर दुप्पट भावाने. पाऊस आला की घरात पाणी." मग त्यांनी सांगितलं ते मी स्लिपच्या पाठीवर उतरवलं. ताडपत्री. खिळे. बांधायची तार. सुतळी. मेणबत्त्या, काडेपेट्या. डासांच्या अगरबत्त्या. जमलं तर पत्रे. "आणि कपडे?" मी विचारलं. "कपडे वाळत घालायला तरी वाळकी जागा कुठाय," ते म्हणाले. अक्कांच्या पडवीत तेव्हा पोत्यांवर पोती येत होती.

पत्रे मी लगेच सोडून दिले. वजन, भाडं आणि किंमत तिन्ही झेपणारी नव्हती. ताडपत्रीवर बोट ठेवलं.

आता पैशाचा प्रश्न. माझा विचार सरळ होता: लोकांनी माझ्या खात्यावर पाठवावेत, मी खरेदी करेन, हिशोब देईन. बरं झालं की आमच्या शाखेचे एक वकील ग्राहक ९ तारखेला भेटले. ते म्हणाले, थांबा. नोंदणी नसलेल्या माणसाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१-क आहे, धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी काढतात तीच. शिवाय मी बँकेत नोकरीला. साहेबांनी वेगळं बजावलं: शाखेच्या आवारात नाही, ग्राहकांचे नंबर वापरायचे नाहीत, बँकेचं नाव कुठे येता कामा नये. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

परवानगी काढायला वेळ नव्हता, पाऊस दाराशी होता. वकीलसाहेबांनीच वाट सुचवली. पैसे माझ्याकडे येऊच द्यायचे नाहीत. देणाऱ्याने थेट दुकानदाराला द्यायचे, बिल आपल्या नावावर घ्यायचं, सामान दुकानातच माझ्या नावाने बाजूला ठेवायचं. म्हणजे मी कोणाकडून एक रुपयाही घेत नाही. लोक वस्तू विकत घेतात आणि मी त्या नेण्याची व्यवस्था करते. माझ्यासारख्या एकट्या माणसाला हे फार सोपं पडलं. रात्री पैसे मोजत बसावं लागलं नाही आणि नातेवाइकांत कुजबूज झाली नाही. ज्यांना आयकरात सवलतीची पावती हवी होती त्यांना मी नोंदणीकृत संस्थांकडे पाठवलं. तसे चौघे होते.

नवीन मेसेज १० तारखेला गेला, आणि तो लिहायला मला तास लागला. "१५ बाय १८ फुटी ताडपत्री, एक नग ७८० रुपये. एका ताडपत्रीत एका घराची एक खोली झाकते. दुकानदाराचा नंबर खाली. पैसे दिल्यावर मला फक्त नग कळवा. कपडे नकोत." शेवटचे दोन शब्द लिहिताना हात अडखळला, पण लिहिले. पहिल्या दिवशी २३ नग झाले.

ताडपत्री कुठून घ्यायची हेही सोलापुरानेच शिकवलं. मी हार्डवेअरच्या दुकानात गेले असते. मामा म्हणाले, "कांद्याच्या मार्केटात विचारा की ओ." सोलापूरची बाजार समिती कांद्यासाठी नावाजलेली. तिथे पोत्यांच्या थप्प्या झाकायला बारा महिने ताडपत्री लागते, आणि आजूबाजूचे दुकानदार ती विकूनच मोठे झालेले. त्यातल्या एकाने मला काउंटरवर दोन तुकडे ठेवून दाखवले. दोन्ही निळे, दोन्ही चकचकीत. एक बोटाने ताणला तर पांढरा पडला आणि फाटला. "हे ९० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम. लग्नातल्या चुलीपुरतं. कोकणच्या पावसाला २०० च्या खाली घेऊ नका." त्याने ७८० चा भाव शेवटपर्यंत ठेवला. कडेच्या रिंगांबद्दल मात्र त्याने काही सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. ते पुढे येईलच.

११ जूनला हवामान खात्याने जाहीर केलं, मान्सून महाराष्ट्रात आला. नकाशावरची रेषा हर्णै आणि सोलापूर, दोन्हीवरून गेलेली. मी फोनवर ती रेषा बोटाने मोठी करून बघत होते. माझ्या खिडकीबाहेर धुळीचा वास आणि चार थेंब. तिकडे आईच्या माजघरात काय असेल ते मला दिसत होतं. जानेवारीपासून या गावात मला सगळं कोरडं वाटायचं, हवा, बोलणं, भाकरी. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, कोरडं असण्यात काय वाईट आहे.

मागायची लाज मला सर्वांत जास्त कोणाची वाटली असेल तर मामांची. गल्लीत कोणाच्याच घरी पगार नव्हता. माग बंद, विडीचे कारखाने बंद होते तेव्हा बायकांचं काम बंद, आणि शहरात कोरोनाचे रोज नवे रुग्ण. अशा ठिकाणी उभं राहून चारशे किलोमीटरवरच्या लोकांसाठी हात पसरायचा? मी मामांना काही बोललेच नाही. त्यांनीच विचारलं. मग म्हणाले, "ताई, फ्रेश माल मला जमणार नाही ओ. मार्चपासून एक बिल आलं नाही. सेकंड साठ चादरी पडल्यात, त्या न्या." सेकंड म्हणजे विणताना चूक झालेला माल. मी त्या शेडमध्ये गेले. आठ माग धूळ खात उभे, एकावर अर्धी विणलेली चादर तशीच, मार्चमध्ये वीज बंद केली त्या ओळीवर थांबलेली. मामांनी कोपऱ्यातल्या थप्पीतली एक उलगडून दाखवली. लाल-पिवळी, जाड, मोरांची नक्षी. एका ओळीतल्या मोरांना डोकी नव्हती. "धागा तुटला आन् ध्यानात आलं न्हाई. गिऱ्हाईक घेत न्हाई. पण ऊब तेवढीच." काय देता येईल आणि काय नाही हे इतकं स्वच्छ सांगणारा दुसरा माणूस मला त्या महिन्यात भेटला नाही. मोठमोठे होकार देऊन फोन न उचलणारे पुष्कळ भेटले.

कडक भाकरीची कल्पना अक्कांची. ज्वारीची पातळ भाकरी, तीळ लावलेली, मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत वाळवलेली. महिनाभर काही होत नाही तिला. वीज नाही, सरपण ओलं, रॉकेल जेमतेम. अशा घरात तयार अन्न हवंच. गल्लीतल्या तिघी घरी भाकऱ्या करून विकायच्या, लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक तुटलं होतं. सात रुपयांना एक, अशा ६०० सांगितल्या. फुकट मागितल्या नाहीत, मागायच्याही नव्हत्या. सोबत २० किलो शेंगाचटणी, २४० रुपये किलोने. कोकणातला माणूस ज्वारी खाईल का, ही शंका मला होती. अक्कांना नव्हती. "भूक लागली की खातेत."

१४ तारखेला मी ई-पाससाठी, म्हणजे लॉकडाऊनमध्ये जिल्ह्याबाहेर जायच्या परवानगीसाठी, ऑनलाइन अर्ज केला. गाडीबरोबर मीही जाणार असं मनाशी पक्कं होतं. फोटो, आधार, गाडीचा नंबर, कारण, आणि सर्दी-ताप नसल्याचं डॉक्टरांचं पत्र. पत्राचे १०० रुपये. फोटो ठरलेल्या आकारापेक्षा मोठा होता म्हणून तीनदा परत आला, तो आकार आधीच कमी करून ठेवायला हवा होता. १६ ला उत्तर: नामंजूर, कारण सबळ नाही. पुन्हा केला, आईवडिलांच्या घराच्या पडझडीचे फोटो जोडले, १८ ला पुन्हा नामंजूर. मी राहत होते तिथून दोन गल्ल्यांवर प्रतिबंधित क्षेत्र होतं, त्यामुळे असेल. चौकशी करायला गेले तर खिडकीवर सांगितलं, मालाची गाडी जाऊ शकते, तिला पास लागत नाही, चालक आणि एक मदतनीस चालेल. तुम्ही मदतनीस आहात का? क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन. आता बोर्लीत जनरेटरवर मोबाइल चार्ज करून मिळत होते, फोनमागे वीस रुपये. मी पासाचं सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "बरंच झालं. पंचायतीने ठराव केलाय. बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस शाळेत राहायचं. आणि सोलापूर म्हटल्यावर लोक…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. म्हणजे माझं सामान चालणार होतं, मी नाही. गावाचं चूक नव्हतं. तरी त्या रात्री मी वहीत काही लिहिलं नाही.

गाडी मामांच्या ओळखीतून ठरली. एक पिकअप, जाऊन-येऊन साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, १३,५०० रुपये आणि चालकाला १,००० भत्ता. हे पैसे मी, शाखेतल्या दोघांनी आणि अक्कांनी वाटून घेतले. अक्कांनी किती दिले ते लिहायला त्यांनी मनाई केलीय. कागदांचं असं: ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, भीती सगळे घालत होते. राज्यातल्या राज्यात लाखाच्या आतल्या मालाला ते लागत नाही, आणि आमची एकेक बिलं त्याच्या खूप खाली होती. तरीही सगळी बिलं, सामानाची यादी, गावच्या सरपंचांचं "हे सामान आमच्या गावासाठी येत आहे" असं पत्र (व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोची प्रिंट) आणि बाबांचा नंबर, याचे तीन संच करून चालकाकडे दिले. वाटेत दोनदा गाडी अडवली. दोन्ही वेळा ते सरपंचांचं पत्र कामाला आलं, बिलं कोणी बघितलीही नाहीत.

शेवटची यादी वहीत अशी आहे: ताडपत्र्या ९६, रुपये ७४,८८०. खिळे, तार, सुतळी ११,२४०. मेणबत्त्या, काडेपेट्या, अगरबत्त्या ९,६००. सौर दिवे २४, रुपये १०,८००. भाकऱ्या ४,२००, चटणी ४,८००. गाडी आणि भत्ता धरून १,३०,०२०. देणारे ७१. चादरी साठ, त्यांच्यापुढे किंमत लिहिलेली नाही.

शनिवारी २० जूनला रात्री दहाला गाडी निघाली. भरताना जड खाली, हलकं वर हे सगळ्यांना माहीत असतं. भाकऱ्यांचे खोके आम्ही सगळ्यात वर ठेवले आणि त्यावर दोरी आवळली. एक खोका तिथेच करकरला. मग त्यांच्या मध्ये चादरी कोंबल्या. डोकं नसलेल्या मोरांनी भाकऱ्या सांभाळल्या. मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. गाडीचा मागचा लाल दिवा वळला आणि एकदम लक्षात आलं की ती उद्या सकाळी ताम्हिणीतून उतरेल, माणगावला वळेल, म्हसळ्याच्या उतारावरून खाली जाईल. तो रस्ता मला डोळे मिटून पाठ. वळण कुठलं, चहा कुठला.

चालक चाळिशीचा, कोकणात कधी न गेलेला. पहाटे साडेपाचला त्याचा फोन. "ताई, घाट लागला. ढग गाडीत शिरायलंय ओ. म्होरचं काय दिसंना." मी सांगितलं, थांबा, अर्धा तास गाडी बाजूला घ्या, उजाडलं की दिसतं. सोलापुरात बसून मी त्याला ताम्हिणी सांगत होते.

सव्वादहाला गाडी गावाच्या नाक्यावर पोचली, आणि नेमकं त्या वेळी ग्रहण लागलेलं. २१ जूनचं सूर्यग्रहण. अर्धं गाव घरात, कोणी चूल पेटवेना. चालकाने खाली उतरायचं नाही असं ठरलेलं, रात्रभराचा उपाशी माणूस, आणि जेवण दीडच्या पुढे. त्याने आपल्या डब्यातली कडक भाकरी काढून स्टिअरिंगवर ठेवून खाल्ली. गावातली सहा पोरं सामान उतरवायला आली. आधी एकाने पाठीवरच्या फवारणीच्या पंपाने सगळ्या सामानावर जंतुनाशक मारलं. ताडपत्रीला काय होतंय? पण खोके पुठ्ठ्याचे. तीन खोक्यांतल्या भाकऱ्या भिजून फुकट गेल्या, दीडशेच्या आसपास. खाण्याचं काहीही पाठवाल तर आतून-बाहेरून प्लास्टिकमध्ये बांधा. मला वाटलं होतं पावसाची काळजी घ्यायची आहे. माणसं काय काय शिंपडतील त्याचा विचार केला नव्हता.

वाटप कसं झालं ते मी पाहिलेलं नाही, पण त्यावरून भांडण झालं ते कळलं. छप्पर गेलेली घरं ११२, ताडपत्र्या ९६. बाबांना मी आधीच सांगितलं होतं की यादी तुम्ही एकट्याने करू नका. अंगणवाडीच्या ताई, सरपंच आणि खालच्या आळीतला एक जण अशी तिघांनी केली. अंगणवाडीच्या ताईंना प्रत्येक घरात माणसं किती, लहान मूल कुठे, कोण अंथरुणाला खिळलंय हे तोंडपाठ असतं. तरी दोन घरं रुसली, त्यातलं एक काकांचं. आमच्या घराला दोन ताडपत्र्या मिळाल्या. लपवण्यासारखं काही नाही, तो सगळा खटाटोप कशावरून सुरू झाला ते वर लिहिलंच आहे.

संध्याकाळी आईचा फोन. "अगो, ही भाकरी की कौल? दोन छपरावर घातल्या तर चालतील." मी सांगितलं, आमटीत बुडव, मऊ होते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कुळथाच्या पिठल्यात बरी लागते. अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कुळथाचं पिठलं म्हणजे काय ते विचारून घेतलं.

चालक परत आला तेव्हा गाडीत एक पोतं होतं, आईने भरून दिलेलं. पडलेल्या माडांचे नारळ, आमसुलं, भाजलेल्या आठळ्या. नारळ गल्लीत वाटले. मामांनी एक हातात तोलून बघितला, म्हणाले, "पाणी लई हाय ह्यात."

सरकारी मदतीचं थोडं सांगते, कारण त्यात बाबा फसता फसता राहिले. तलाठ्यांचा पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडं हलवू नका असं कोणीतरी सांगितलं, म्हणून वाडी तशीच, आणि तिच्यातून विहिरीवर जायला वाट नाही. शेवटी त्यांनी ओळीओळीने फोटो काढले, प्रत्येक बुंध्यावर चुन्याने आकडा घातला, मग तोडलं. तो चुन्याचा आकडा फार उपयोगी पडला. आधी बागायतीला हेक्टरी ५० हजार ठरलेले. पण आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात, हातात येणार काय? पुढे झाडावर आलं: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. बाबांचा हिशोब फळ्यावर लिहिल्यासारखा तयार होता.

गणपतीला जाता आलं नाही, विलगीकरणाचे दिवस रजेत बसत नव्हते. सप्टेंबरात ई-पास रद्द झाला आणि मी निघाले. म्हसळ्याचा उतार संपल्यावर खाली गावं दिसतात, एरवी माडांच्या शेंड्यांनी झाकलेली. त्या वेळी झाकायला काही नव्हतं. सगळी छपरं उघडी दिसत होती, आणि त्यावर निळे चौकोन. मी मोजायला लागले, चाळिसाच्या पुढे डोळ्यांसमोर धूसर झालं.

घरात शिरायच्या आधी शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. कशी आहेस, किती वाळलीस वगैरे काही नाही. "त्या ताडपत्र्या तूच पाठवल्यास ना गो? कापड चांगलं आहे. पण कडेच्या रिंगा कसल्या आणल्यास? प्लास्टिकच्या. पहिल्या वाऱ्याला चारी कोपरे सुटले. आम्ही मग गोटे गुंडाळून बांधले." त्यांनी मला घराच्या बाजूला नेऊन दाखवलं. कोपऱ्यात ताडपत्रीत लिंबाएवढा दगड गुंडाळून त्याच्या मानेला सुतळी आवळलेली, आणि ती खाली खुंटीला. एकदम पक्कं. मी ओढून पाहिलं.

वही पिशवीतच होती. तिथेच कुंपणाला टेकून लिहिलं: रिंगा पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या, दुकानातच ओढून बघणे. काकू म्हणाल्या, "आणि सुतळी जाड आण."